एका रुग्णाची चाचणी, सर्वांची जबाबदारी

२०२५ च्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या बाल रुग्णालयात जेमतेम सात महिन्यांच्या एका बालकाला शिरेवाटे एक औषध देण्यात आले. ते औषध त्यापूर्वी कोणत्याही माणसाला दिलेले नव्हते. त्या बालकाच्या जनुकातील एका विशिष्ट अक्षराची चूक दुरुस्त करण्यासाठीच ते सिद्ध केलेले असल्यामुळे दुसऱ्या रुग्णाला त्याचा उपयोग होण्याचीही शक्यता जवळजवळ नव्हती. रोगासाठी औषध शोधावे आणि ते हजारो रुग्णांना द्यावे, ही वैद्यकाची आजवरची रीत. येथे एका रुग्णासाठी एक औषध तयार झाले आणि त्याची चाचणीही त्याच एका रुग्णावर झाली.

आपण खातो त्या प्रथिनांच्या पचनातून शरीरात अमोनिया निर्माण होतो. यकृतातील काही विकरे, म्हणजेच एन्झाइमे, त्याचे युरियात रूपांतर करतात आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो. या साखळीतील एक विकर त्या बालकाच्या यकृतात नीट तयारच होत नव्हते. सुमारे तेरा लाख जन्मांत एखाद्याच्या वाट्याला येणारी ही व्याधी आहे. अमोनिया रक्तात साचतो, मेंदूवर आघात करतो आणि तीव्र स्वरूपाची व्याधी घेऊन जन्मलेल्या अर्भकांपैकी निम्मी लवकरच दगावतात. यकृताचे आरोपण हा एक मार्ग आहे. परंतु त्यासाठी मूल काहीसे मोठे व्हावे लागते, आणि तोवर ते जगेल व त्याचा मेंदू शाबूत राहील याची हमी नसते. डॉ. किरण मुसुनुरू आणि डॉ. रिबेका आरेन्स-निक्लस यांच्या नेतृत्वाखाली संशोधकांनी केवळ सहा महिन्यांत हे औषध तयार केले, उंदरांवर व माकडांवर तपासले, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अर्ज आल्यावर आठवड्याभरात परवानगी दिली. तीन मात्रांनंतर बालकाला अधिक प्रथिने पचू लागली, इतर औषधांची गरज कमी झाली आणि जून महिन्यात ते घरी गेले. ते पूर्ण बरे झाले, असा दावा त्याच्या डॉक्टरांनीही केलेला नाही. त्याच्यावर दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागणार आहे.

या यशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्याच शहरात, त्याच रोगसाखळीतील दुसऱ्या एका व्याधीसंबंधी २६ वर्षांपूर्वी जे घडले, ते या आनंदाच्या क्षणी विसरून चालणार नाही.

कुंपणाबाहेरचा बळी

सप्टेंबर १९९९ मध्ये जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा तरुण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एका जनुकोपचाराच्या चाचणीत स्वेच्छेने सहभागी झाला. अमोनियाचे रूपांतर करणाऱ्या साखळीतलेच दुसरे एक विकर त्याच्या शरीरात कमी होते. मात्र त्याची व्याधी सौम्य होती आणि पथ्य व औषधे यांच्या आधारे तो बऱ्यापैकी आयुष्य जगत होता. या चाचणीतून त्याला स्वतःला काहीच मिळणार नव्हते. हीच व्याधी तीव्र स्वरूपात घेऊन जन्मणाऱ्या अर्भकांचे भले व्हावे, एवढाच त्याचा हेतू होता. निरोगी जनुक वाहून नेण्यासाठी वापरलेल्या विषाणूविरुद्ध त्याच्या शरीराने भयंकर प्रतिक्रिया दिली आणि चार दिवसांत त्याचा मृत्यू झाला.

चौकशीत जे बाहेर आले ते अस्वस्थ करणारे होते. तशाच प्रकारच्या उपचारानंतर माकडे दगावल्याची माहिती त्याने सही केलेल्या संमतीपत्रात नव्हती. आधीच्या रुग्णांना झालेले दुष्परिणाम नियामकांना योग्य रीतीने कळवलेले नव्हते. त्याच्या रक्तातील अमोनियाचे प्रमाण ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक होते. चाचणी करणाऱ्या संस्थेच्या संचालकांचे आर्थिक हितसंबंध त्याच क्षेत्रातील एका कंपनीत गुंतलेले होते. हा सारा इतिहास वैद्यकीय नीतिशास्त्राच्या पुस्तकांत गेला. मात्र त्यातली एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. व्याधी एवढी सौम्य असलेला हा तरुण मुळात या चाचणीत आलाच का?

त्याचे उत्तर विलक्षण आहे. ही चाचणी मरणाच्या दारात असलेल्या नवजात अर्भकांवर करावी, असा विचार प्रारंभी होता. त्यावर नीतिशास्त्राच्या तज्ज्ञाने आक्षेप घेतला. ज्यांचे मूल मरणार आहे ते आईबाप शांतपणे लाभहानीचा विचार करू शकत नाहीत. त्यांची संमती ही परिस्थितीने पिळून काढलेली संमती होय, असा तो आक्षेप होता. म्हणून स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकणारे, सौम्य व्याधीचे प्रौढ रुग्ण निवडण्यात आले. आक्षेप सद्हेतूचा होता, तर्कही निर्दोष वाटत होता. परंतु अर्भकांच्या रक्षणासाठी घातलेल्या त्या नैतिक कुंपणाबाहेर एक हिंडता-फिरता तरुण उभा राहिला आणि बळी गेला.

१९९९ मध्ये ज्यांची संमती अग्राह्य मानली गेली, तशाच आईबापांची संमती २०२५ मध्ये ग्राह्य मानावी लागली, कारण बालकाच्या व्याधीवर बनवलेले औषध दुसऱ्या कोणावर तपासून पाहण्याची सोयच उरलेली नव्हती. यावरून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. हतबल आईबापांना संमती देण्याचा अधिकार नाकारणे हा या प्रश्नाचा तोडगा नव्हे. आणि त्यांची सही मिळाली म्हणजे आपण जबाबदारीतून मुक्त झालो, असे मानणे हाही तोडगा नव्हे. सहीने जे भार पेलायचे नाहीत ते दुसऱ्या कोणीतरी उचलले पाहिजेत. ते कोणी आणि कसे उचलायचे, हाच आजचा खरा नैतिक प्रश्न आहे.

उपचार की प्रयोग?

रुग्णावर उपचार करणारा डॉक्टर त्या रुग्णाचे हित पाहतो. चाचणी करणारा संशोधक सर्वांसाठी ज्ञान मिळवू पाहतो. हा भेद दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेपासून आणि १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून, मोठ्या कष्टाने प्रस्थापित झाला. एकाच रुग्णाच्या चाचणीत मात्र हे दोन्ही हेतू एकमेकांत मिसळून जातात. डॉक्टर म्हणतो, हा उपचार आहे, कारण तो याच मुलासाठी आहे. शास्त्रज्ञ म्हणतो, हा प्रयोग आहे, कारण परिणाम काय होईल हे कोणालाच ठाऊक नाही. दोघेही खरे बोलत असतात, आणि आईबापांच्या कानांत मात्र पहिला शब्द तेवढा राहतो. प्रयोगात सामील झालेल्या रुग्णांना आपल्यावर केवळ उपचारच होत आहेत असे वाटत राहते, या भ्रमाकडे अमेरिकेतील अभ्यासकांनी १९८२ मध्येच लक्ष वेधले होते. औषधावर मुलाचेच नाव असेल, तर हा भ्रम किती गडद होत असेल याची कल्पना करता येते.

असे घडलेही आहे. २०१८ मध्ये बॉस्टन येथील डॉ. टिमोथी यू यांनी मेंदूचा ऱ्हास करणाऱ्या एका जीवघेण्या आनुवंशिक व्याधीने ग्रस्त अशा मुलीसाठी तिच्या जनुकातील दोषाशी जुळणारे औषध सुमारे वर्षभरात बनवले. त्या औषधाला ‘मिलासेन’ हे नावही तिच्या नावावरून दिले गेले. तिला येणाऱ्या झटक्यांची संख्या व तीव्रता कमी झाली. व्याधी मात्र थांबली नाही, आणि २०२१ मध्ये वयाच्या दहाव्या वर्षी ती मुलगी मरण पावली. औषध यशस्वी झाले की अयशस्वी? झटके कमी झाले हा लाभ खरा होता. मूल वाचले नाही हेही खरे. उपचार आणखी लवकर सुरू झाला असता तर काय झाले असते, याचे उत्तर एका रुग्णावरून मिळू शकत नाही.

एका रुग्णावरून काहीच शिकता येत नाही, असे मात्र नाही. कॅनडातील डॉ. गॉर्डन गायट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एकाच रुग्णाला काही काळ औषध व काही काळ औषधासारखी दिसणारी निरुपद्रवी गोळी आलटून-पालटून देऊन, कोणत्या काळात काय दिले हे रुग्णाला व डॉक्टरला कळू न देता, औषधाचा गुण तपासण्याची शिस्तबद्ध पद्धत मांडली. दम्यासारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या व्याधीत ती उपयोगी पडते, कारण औषध थांबवले की शरीर पूर्वस्थितीला येते. जनुकाची दुरुस्ती मात्र परत घेता येत नाही. आज दिले आणि उद्या थांबवले, असे तेथे होत नाही. तुलना करायची ती त्या व्याधीने ग्रस्त पूर्वीच्या रुग्णांच्या नोंदींशी, आणि व्याधी जितकी दुर्मिळ तितक्या या नोंदी तुटपुंज्या.

धोकेही काल्पनिक नाहीत. अपस्माराच्या एका अतिदुर्मिळ प्रकारासाठी याच पद्धतीने बनवलेले औषध दिल्यावर दोन बालरुग्णांच्या मेंदूत पाणी साचण्याचा गंभीर विकार उद्भवला. स्नायूंचा क्षय करणाऱ्या डुशेन व्याधीने ग्रस्त असलेल्या २७ वर्षांच्या एका अमेरिकन तरुणासाठी त्याच्या भावानेच स्थापन केलेल्या सेवाभावी संस्थेने जनुकोपचार सिद्ध करवून घेतला. तो घेतल्यानंतर काही दिवसांतच, ऑक्टोबर २०२२ मध्ये, तो मरण पावला. जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूच्या मोठ्या मात्रेवर शरीराने दिलेली प्रतिक्रिया हे त्याचे कारण होते, असा अहवाल संशोधकांनी पुढच्या वर्षी प्रसिद्ध केला. तो अहवाल प्रसिद्ध झाला, ही या शोकांतिकेतील एक मोलाची बाब होय. भावाचा जीव वाचवण्यासाठी झटणाऱ्या माणसाहून अधिक निर्मळ हेतू कोणाचा असणार? तरीही हेतूची निर्मळता ही सुरक्षिततेची हमी नव्हे, हे त्या घटनेने दाखवून दिले.

सहीची किंमत

बुडत्याला काडीचा आधार, ही म्हण आपल्याकडे सहज वापरली जाते. काडीने कोणी तरत नाही हे ती म्हण रचणाऱ्यालाही ठाऊक होते. पण बुडणारा हात पुढे करतोच. दुर्मिळ व्याधीच्या मुलाचे आईबाप रोगनिदानापूर्वीच कित्येक डॉक्टर, तपासण्या, नवस आणि कर्ज यांतून गेलेले असतात. त्यांच्यापुढे वीस पानी संमतीपत्र ठेवून सर्व धोके समजावल्याची नोंद करणे म्हणजे कायद्याची पूर्तता होय. नीतीची पूर्तता तेवढ्याने होत नाही. शिवाय ज्याच्या शरीरावर प्रयोग व्हायचा ते मूल सही करत नसते.

भारतात तर सहीचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील प्रतिबंधक लस प्रायोगिक प्रकल्पात टोचण्यात आली. अनेक ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या घेतल्याचे आढळले आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. त्या काळात झालेल्या मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध सिद्ध झाला नाही, हे नमूद करणे न्यायाचे होईल. परंतु मुलीच्या वतीने सही कोणी करायची, हा प्रश्न लस निर्दोष असली तरी शिल्लक राहतोच. शिक्षकाच्या वा अधीक्षकाच्या शब्दावर गाव विश्वास ठेवतो. म्हणूनच तो शब्द कोणाच्या कामी येतो याची जबाबदारी त्याच्यावर अधिक असते.

त्यानंतर परिस्थिती सुधारली, हेही खरे. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनी चाचणीत इजा झालेल्या रुग्णाला मोफत उपचार आणि भरपाई यांचा हक्क दिला. दुर्बल घटकांतील व्यक्तींकडून नव्या औषधाच्या चाचणीसाठी घेतलेल्या संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण आवश्यक ठरवले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार सात वर्षांवरील मुलाला त्याच्या समजुतीप्रमाणे प्रयोग समजावून त्याचा होकार घ्यावा लागतो. हे नियम चांगले आहेत. पण ते मुख्यतः अनेक रुग्णांच्या चाचण्या डोळ्यांपुढे ठेवून रचलेले आहेत. एकच मूल, एकच औषध आणि हातात केवळ काही महिने, अशा प्रसंगी नीतिसमितीने काय विचारावे, हे त्यांतून पुरेसे स्पष्ट होत नाही.

निवड कोणाची?

समजा, विज्ञान सिद्ध झाले आणि संमतीही निर्दोष मिळाली. तरी एक प्रश्न उरतो. हजारो दुर्मिळ व्याधींच्या लक्षावधी रुग्णांपैकी कोणासाठी औषध बनवायचे? आजवरचा अनुभव असा की, ज्या आईबापांना वैद्यकीय नियतकालिके वाचता येतात, शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार करता येतो, वर्तमानपत्रे व दूरचित्रवाणी यांपर्यंत पोहोचता येते, त्यांच्या मुलांची पाळी आधी येते. त्यांना दोष देता येणार नाही. आपल्या मुलासाठी आकाशपाताळ एक करणे हा कोणत्याही आईबापांचा धर्म आहे. दोष आहे तो निवडीचे नियम न ठरवणाऱ्या व्यवस्थेचा.

महाराष्ट्राला याचा अनुभव नवा नाही. पाठीच्या कण्यातील चेतापेशींचा नाश करणाऱ्या एका आनुवंशिक व्याधीवरील जनुकोपचाराला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. त्याची किंमत २१ लाख डॉलरांहून अधिक होती. ज्या देशांत ते औषध मिळत नव्हते तेथील मुलांसाठी उत्पादक कंपनीने २०२० पासून वर्षाला शंभरपर्यंत मात्रा सोडत काढून विनामूल्य देण्याची योजना आखली. जगण्याची संधी सोडतीच्या चिठ्ठीवर अवलंबून राहावी, याबद्दल तेव्हा जगभर टीका झाली. २०२१ मध्ये मुंबईतील व पुणे परिसरातील बालकांसाठी सुमारे १६ कोटी रुपयांची लोकवर्गणी उभी राहिली आणि अनोळखी माणसांनी शंभर-पाचशे रुपये पाठवून ती पुरी केली. समाजाची करुणा जिवंत असल्याचा तो पुरावा होता. परंतु पुणे परिसरातील त्या बालकाचे औषध मिळाल्यानंतर काही आठवड्यांतच निधन झाले, आणि महागडे औषध मिळणे म्हणजे जीव वाचणे नव्हे, हे कटू सत्य वर्गणी देणाऱ्या हजारो घरांना कळले. शिवाय ज्या मुलांची छायाचित्रे तितकी बोलकी नव्हती, ज्यांच्या आईबापांना आवाहन लिहिता आले नाही, त्यांची नोंदही कोठे राहिली नाही.

हे तर बाजारात आलेल्या, मान्यताप्राप्त औषधाविषयी झाले. एका रुग्णासाठी बनवलेल्या औषधाला बाजारच नसतो. फिलाडेल्फियातील औषधाचा खर्च यकृतारोपणाच्या खर्चाच्या आसपास असल्याचे संशोधकांनी सांगितले. पण त्यात सरकारी अनुदान होते आणि अनेक कंपन्यांनी आपला वाटा वस्तू व सेवा यांच्या रूपाने उचलला होता. पहिल्या बालकाला मिळालेले औदार्य पन्नासाव्याला मिळेलच, असे गृहीत धरता येत नाही. डॉ. स्टॅनली क्रूक यांनी २०२० मध्ये स्थापन केलेली ‘एन-लोरेम’ ही संस्था निवडलेल्या अतिदुर्मिळ रुग्णांना असे औषध आयुष्यभर विनामूल्य देण्याचा संकल्प करून काम करते. आयुष्यभर हा शब्द महत्त्वाचा आहे; कारण औषध सुरू करून मध्येच निधी संपला म्हणून हात वर करणे, यासारखी क्रूरता नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रमुखांनी एक नवा मार्ग सुचवला. दोषाचे नेमके कारण ज्ञात असेल, औषध त्या कारणावरच काम करते हे दाखवता येत असेल आणि लागोपाठ काही रुग्णांत गुण आला असेल, तर मोठ्या चाचणीचा आग्रह न धरता मान्यतेचा विचार करावा, असा त्याचा आशय आहे. प्रत्येक रुग्णासाठी अक्षर तेवढे बदलायचे आणि बाकीची रचना तीच ठेवायची, असे तंत्र असल्यास हा विचार अवाजवी नाही. मात्र सैल केलेला पुरावा मान्यतेनंतर काटेकोर पाहणीने भरून काढला गेला नाही, तर याच वाटेने आशेचा व्यापार करणारेही आत शिरतील. २०२४ मध्ये सुधारलेल्या हेलसिंकी जाहीरनाम्याने, सिद्ध न झालेले उपचार हे संशोधनातील संरक्षणांना बगल देण्याचे साधन होता कामा नयेत, असे बजावले ते याच भयाने.

भारतापुढील काम

हा सारा दूरदेशीचा प्रश्न आहे, असे मानण्याचे कारण नाही. भारताचे दुर्मिळ व्याधींविषयीचे राष्ट्रीय धोरण मार्च २०२१ मध्ये आले. उपचारासाठी निवडक रुग्णालयांना विशेष केंद्रांचा दर्जा मिळाला, त्यांत मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय आहे. २०२२ मध्ये प्रत्येक रुग्णामागे मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली, आणि लोकांच्या देणग्यांसाठी सरकारने संगणकीय व्यवस्थाही उभारली. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोन आर्थिक वर्षांसाठी ९७४ कोटी रुपयांचा राष्ट्रीय निधी उभारण्याचा निर्देश दिला. आजीवन चालणाऱ्या उपचारात ५० लाख रुपये काही मुलांना वर्षभरही पुरत नाहीत, हे त्यामागचे वास्तव होते. असलेली औषधे देण्याचीच जेथे अशी ओढाताण, तेथे एकेका मुलासाठी नवे औषध बनवण्याची भाषा चैनीची वाटेल.

तरीही या तंत्राचा भारताशी एक वेगळाच संबंध आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जातीत वा नात्यात विवाह होत आल्यामुळे आपल्याकडे जनुकातील एकच चूक अनेक कुटुंबांत आढळू शकते. लहान मुलांच्या मेंदूच्या एका दुर्मिळ विकाराचे कारण असलेला एकच जनुकदोष अग्रवाल समाजातील अनेक रुग्णांत सापडला, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. हा कोणा एका समाजाचा उणेपणा नव्हे. बंदिस्त विवाहसंबंध असलेल्या कोणत्याही गटात हे घडू शकते, आणि मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल महाराष्ट्रातही आहेच. याचा अर्थ असा की, अमेरिकेत ज्या औषधाला एकच रुग्ण मिळेल त्याच जातीच्या औषधाला येथे पन्नास रुग्ण मिळू शकतील, चाचणी अधिक भक्कम होईल आणि खर्चही विभागला जाईल. पण त्यासाठी रुग्णांची नीट नोंद हवी, जनुक तपासणीची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी हवी, आणि तपासणीच्या निष्कर्षामुळे कोणत्याही मुलीचे लग्न मोडणार नाही इतकी गुप्ततेची हमी हवी.

अशा चाचण्या येथे सुरू होण्यापूर्वीच काही गोष्टी ठरवून ठेवल्या पाहिजेत. पहिली म्हणजे, प्रयोगाला प्रयोग म्हणावे. ‘तुमच्या मुलासाठी खास बनवलेले औषध’ असे सांगताना ते गुणकारी ठरेल की नाही हे कोणालाच माहीत नाही, हेही त्याच दमात, मराठीत आणि साध्या शब्दांत सांगितले पाहिजे. दुसरी गोष्ट, संमती घेणारा डॉक्टर आणि औषध बनवणारा डॉक्टर एकच नसावा. त्या औषधाच्या यशापयशात ज्याचा काडीचाही स्वार्थ नाही असा स्वतंत्र वैद्य आईबापांच्या बाजूने बसला पाहिजे, आणि नको म्हटल्यास मुलाच्या नेहमीच्या उपचारांत तसूभर फरक पडणार नाही, याची लेखी हमी दिली पाहिजे. तिसरी गोष्ट, कोणत्या लक्षणावरून गुण आला असे मानायचे आणि कोणत्या टप्प्यावर थांबायचे, हे पहिली मात्रा देण्यापूर्वीच लिहून ठेवावे. कारण मूल समोर तळमळत असताना थांबण्याचा निर्णय घेण्याचे धैर्य कोणाजवळच उरत नाही. काही वेळा प्रयोग न करता वेदनाशमन करणे आणि मुलाचे उरलेले दिवस घरी सुखाने जाऊ देणे, हाही सन्मानाचा पर्याय असतो. तो त्याच बैठकीत मांडला गेला पाहिजे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चाचणी एका रुग्णाची असली तरी तिचे ज्ञान सर्वांचे आहे. भारतात २००९ पासून औषधचाचण्यांची सार्वजनिक नोंद सक्तीची आहे; एकाच रुग्णावर दिलेल्या नव्या औषधाची नोंदही, उपचार या नावाखाली न लपवता, तेथे झाली पाहिजे आणि अपयशाचा अहवाल यशाइतक्याच तत्परतेने प्रसिद्ध झाला पाहिजे. माकडांच्या मृत्यूची माहिती एका संमतीपत्रात आली असती, तर कदाचित एक तरुण घरी परतला असता. एका मुलाच्या मृत्यूतून दुसऱ्याच्या डॉक्टरला काही शिकता आले नाही, तर तो मृत्यू दुहेरी व्यर्थ ठरतो. आणि पाचवी गोष्ट, पुढील तपासण्या, दुष्परिणामांवरील उपचार आणि लागू पडल्यास औषध चालू ठेवणे, या साऱ्याचा खर्च कोण करणार, हे आधी ठरले नसेल तर चाचणीला परवानगीच देऊ नये.

यावर असे म्हटले जाईल की, इतके नियम पाळेपर्यंत मूल हातचे जाईल. हा आक्षेप मनाला भिडणारा आहे. त्याला फिलाडेल्फियाचेच उत्तर आहे. तेथे परवानगी आठवड्यात मिळाली ती छाननी टाळली म्हणून नव्हे, तर मूल जन्मण्यापूर्वी कित्येक वर्षे त्या तंत्रावर काम आणि नियामकांशी विचारविनिमय चालला होता म्हणून. दक्षता आणि त्वरा यांत विरोध दिसतो तो ऐनवेळी जागे होणाऱ्यांनाच. आपल्या विशेष केंद्रांत अशी स्वतंत्र नीतिसमिती, रुग्णनोंदणी आणि समुपदेशक आजच उभे राहिले, तर ज्या दिवशी येथील एखाद्या मुलासाठी औषध तयार होईल त्या दिवशी आठवडा पुरेल.

जेसी गेल्सिंगरने ज्या अर्भकांसाठी स्वतःला पुढे केले, त्यांच्याच जातकुळीतील एक बालक २६ वर्षांनंतर त्याच शहरातून घरी गेले. त्या दोघांमध्ये विज्ञानाची प्रगती जितकी आहे, तितकीच चुकांची कबुली आणि त्यांतून घडलेली शिस्तही आहे. ती शिस्त विकत आणता येत नाही, ती प्रत्येक देशाला आपल्या संस्थांतून घडवावी लागते. ती न घडवता केवळ तंत्र आणले, तर उद्या एखाद्या गावातील बाप थरथरत्या हाताने सही करील, आणि काही विपरीत घडल्यावर ती सही त्यालाच दाखवली जाईल.